हजारावा भाग चिकट, तरी ओघ निम्मा

प्रश्न साधा दिसत होता. पाण्यात एक गोळा आहे. त्याची त्रिज्या १ मायक्रोमीटर, म्हणजे आकार साधारण एखाद्या जिवाणूएवढा. त्याच्या पृष्ठभागावर ३१४२ बारीक गोल ठिपके विखुरलेले आहेत आणि प्रत्येक ठिपक्याची त्रिज्या १ नॅनोमीटर आहे. आजूबाजूच्या पाण्यात छोटे रेणू इकडेतिकडे भरकटताहेत. रेणू ठिपक्याला लागला की तिथेच चिकटतो, म्हणजे त्याचं अधिशोषण होतं. ठिपक्यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर आदळला तर नुसता परत फिरतो. सगळा गोळा चिकट असता तर जेवढे रेणू पकडले गेले असते, त्यांच्यातले किती टक्के हा ठिपक्यांचा गोळा पकडेल?

माझ्याकडे प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीला मी हा प्रश्न दिला होता. तिने आधी क्षेत्रफळाचा हिशेब केला, आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. एका ठिपक्याचं क्षेत्रफळ, गुणिले ठिपक्यांची संख्या, भागिले गोळ्याचं पृष्ठफळ. उत्तर येतं ०.०७८५ टक्के, म्हणजे पृष्ठभागाचा सुमारे १२७० वा हिस्सा. पृष्ठभागाचा एवढाच भाग चिकट असेल तर पकडही साधारण तेवढीच असणार, असा तिचा अंदाज होता. मग तिने सिम्युलेशन लिहिलं, म्हणजे कणांच्या भरकटण्याची नक्कल करणारा संगणकाचा प्रोग्राम. कणाला दर टाइम स्टेपला (वेळेच्या ठराविक छोट्या तुकड्याला) यादृच्छिक पाऊल टाकायला लावायचं, पृष्ठभाग ओलांडला की खाली ठिपका आहे का ते तपासायचं. असेल तर कण मोजायचा आणि संपवायचा, नसेल तर परत बाहेर लोटायचा. उत्तर आलं दीड टक्क्याच्या आसपास.

"सर, कोडमध्ये कुठेतरी कण दोनदा मोजले जाताहेत," ती म्हणाली. अंदाजाच्या जवळजवळ वीसपट उत्तर आलं होतं, त्यामुळे तिची शंका रास्त होती. तिने दोन दिवस ती चूक शोधली. चूक होती, पण उलट्या दिशेची. खरं उत्तर आहे ५० टक्के.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते या उलट्या दिशेमुळे. आपला अंदाज सहाशेपट कमी होता, सिम्युलेशन तीसेकपट कमी होतं, आणि दोन चुकीच्या आकड्यांची तुलना करून आम्ही ठरवलं होतं की दुसरा फार मोठा आहे.

आधी पूर्ण चिकट गोळ्याचं पाहू, कारण मोजपट्टी तीच आहे. स्थिर अवस्थेत गोळ्याकडे येणारा ओघ, म्हणजे सेकंदाला येणारे रेणू, असतो ४ × पाय × विसरण गुणांक (रेणू भरकटत किती भराभर पसरतात त्याचं माप) × त्रिज्या × दूरची संहती (गोळ्यापासून लांबच्या पाण्यात दर घनमापात किती रेणू आहेत ते). हे सूत्र मारियान स्मोलुचोव्हस्की यांनी १९१६-१७ च्या सुमारास कलिलातले, म्हणजे द्रवात तरंगत राहणारे अतिबारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या कशा होतात हे समजून घेताना वापरलं, आणि विसरणाने ठरणाऱ्या अभिक्रियांचा सगळा हिशेब आजही त्याच्यावरच उभा आहे. या सूत्रात त्रिज्येचा वर्ग नाही, नुसती त्रिज्या आहे. गोळा दुप्पट मोठा केला तर पृष्ठफळ चौपट होतं, पण ओघ फक्त दुप्पट. दर चौरस मायक्रोमीटरमागे पाहिलं तर मोठा गोळा लहान गोळ्यापेक्षा आळशी आहे, कारण त्याने आपल्या भोवतीचं पाणी जास्त दूरपर्यंत रिकामं केलेलं असतं.

आकडे घालू. पाण्यात छोट्या रेणूचा विसरण गुणांक सुमारे १००० चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद असतो. संहती १ मायक्रोमोल प्रति लिटर धरली तर दर घन मायक्रोमीटरमध्ये सुमारे ६०२ रेणू. मग पूर्ण चिकट गोळ्यावर सेकंदाला सुमारे ७६ लाख रेणू येतात.

आता एकटा ठिपका. कोऱ्या सपाट भिंतीवर एकच चिकट चकती असेल तर तिच्याकडे येणारा ओघ असतो ४ × विसरण गुणांक × चकतीची त्रिज्या × संहती. इथेही नुसती त्रिज्या, क्षेत्रफळ नाही. हे उत्तर विसरणाच्या कितीतरी आधी विद्युतशास्त्रात तयार होतं, कारण स्थिर विसरणाचं समीकरण आणि स्थिर विद्युतक्षेत्राचं समीकरण एकच आहे. संहतीच्या जागी विभव आणि ओघाच्या जागी प्रभार ठेवायचा. हेन्री कॅव्हेंडिश यांनी अठराव्या शतकात गोळ्याची आणि तेवढ्याच त्रिज्येच्या चकतीची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) प्रयोगाने ताडून पाहिली, तेव्हा गुणोत्तर १.५७ आलं होतं. पायच्या निम्मे म्हणजे १.५७०८. त्या काळच्या साधनांनी एवढं अचूक मोजणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

क्षेत्रफळ गळून त्रिज्या का उरते, हे चकतीवर रेणू नेमके कुठे पडतात ते पाहिलं की कळतं. ते सगळीकडे सारखे पडत नाहीत. कडेला गर्दी असते, मधोमध तुरळक. मध्यावर पोचायचं तर रेणूला कडेच्या बाजूने येणारे सगळे रस्ते चुकवून नेमकं वरून उतरावं लागतं, आणि भरकटणाऱ्या रेणूला ते क्वचितच जमतं. हिशेब केला तर चकतीवर येणाऱ्या रेणूंपैकी निम्मे त्रिज्येच्या बाहेरच्या साडेतेरा टक्क्यांत, म्हणजे कडेच्या पाव क्षेत्रफळातच पकडले जातात. चकती कडेच्या जोरावर काम करते, आणि कडेची लांबी त्रिज्येच्या प्रमाणात असते.

पानांच्या बाबतीत हे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लक्षात आलं. होरेस ब्राउन आणि फर्ग्युसन एस्कोम्ब यांनी १९०० साली बारीक भोकांच्या पडद्यांमधून होणारं वायूंचं विसरण मोजलं आणि दाखवलं की ते भोकाच्या व्यासाच्या प्रमाणात असतं. पर्णरंध्रांची उघडी तोंडं पानाच्या पृष्ठभागाचा फारच थोडा भाग व्यापतात. तरी पान कार्बन डायऑक्साइड मुबलक खेचतं, याचं कोडं त्यातून सुटलं.

आमच्या १ नॅनोमीटरच्या ठिपक्याला एकट्याने सेकंदाला सुमारे २४०० रेणू मिळतात. असे ३१४२ ठिपके. कोणी कोणाच्या आड येत नाही असं क्षणभर मानलं तर बेरीज होते सुमारे ७६ लाख, अगदी पूर्ण चिकट गोळ्याएवढी. हा योगायोग नाही, ३१४२ हा आकडा मी त्यासाठीच निवडला होता: पाय गुणिले गोळ्याची त्रिज्या, भागिले ठिपक्याची त्रिज्या.

अर्थात ठिपके एकमेकांच्या आड येतातच. पण कसे येतात हे पाहताना माझा स्वतःचा समज बदलला. मला वाटायचं, स्पर्धा शेजाऱ्याशी असणार. शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं सरासरी अंतर निघतं सुमारे ६३ नॅनोमीटर, म्हणजे ठिपक्याच्या त्रिज्येच्या त्रेसष्ट पट. एवढ्या अंतरावर एक ठिपका दुसऱ्याच्या जागची संहती जेमतेम एका टक्क्याने घटवतो. शेजाऱ्याचा त्रास जवळजवळ नाहीच. पण ही घट अंतराच्या वर्गाने नाही, नुसत्या अंतराने कमी होत जाते, म्हणून गोळ्याच्या पार दुसऱ्या टोकाचा ठिपकाही आपला बारीकसा वाटा उचलतो. ३१४१ ठिपक्यांचे हे वाटे एकत्र केले की प्रत्येक ठिपक्याला दूरच्या संहतीच्या निम्मीच संहती दिसते. प्रत्येकाला २४०० ऐवजी १२०० रेणू, आणि सगळ्यांना मिळून ३८ लाख. स्पर्धा आहे, पण ती सबंध समुदायाशी आहे. कोणा एकाला दोष देता येत नाही.

सूत्रात लिहायचं तर: न ठिपके, ठिपक्याची त्रिज्या ठ, गोळ्याची त्रिज्या त्र. पूर्ण चिकट गोळ्याच्या तुलनेत मिळणारा वाटा = न × ठ ÷ (न × ठ + पाय × त्र). हॉवर्ड बर्ग आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९७७ साली जिवाणू आजूबाजूची रसायनं कशी ओळखतात हे मांडताना हे सूत्र दिलं. पर्सेल म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनासाठी १९५२ साली भौतिकीचं नोबेल मिळालेले तेच. विजेच्या मंडलासारखं पाहिलं तर दोन रोध एकसरीत जोडलेले आहेत: एक दुरून गोळ्यापर्यंत येण्याचा, दुसरा गोळ्यापाशी आल्यावर ठिपका सापडण्याचा. आमच्या गोळ्यात ते नेमके सारखे आहेत. ठिपके दसपट वाढवून ३१,४१६ केले तर क्षेत्रफळ अजूनही एका टक्क्याच्या आतच राहतं, पण पकड ९१ टक्क्यांवर जाते. त्यापुढे ठिपके वाढवून हाती फारसं लागत नाही, कारण दुसरा रोध जवळजवळ संपलेला असतो आणि पहिल्यावर ठिपक्यांचा काही इलाज चालत नाही. (ठिपके दाटीने असतील तर या सूत्रात दुरुस्ती लागते, रॉबर्ट झ्वान्झिग यांनी १९९० साली ती दिली. आमच्या विरळ ठिपक्यांना तिचा फरक पडत नाही.)

सूत्र मान्य केलं तरी विद्यार्थिनीचं समाधान झालं नव्हतं, आणि ते योग्यच होतं. ती म्हणाली, "पण सर, कण आदळतो तेव्हा खाली ठिपका असण्याची संभाव्यता १२७० त एकच ना?" हो, एकच. आणि तरीही निम्मे कण सापडतात, कारण कण एकदाच आदळत नाही.

पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेल्या कणाला गोळा सपाट भिंतीसारखा भासतो. भिंतीच्या दिशेने आणि भिंतीपासून दूर, एवढ्या एका रेषेवरची त्याची चाल ही एकमितीय यादृच्छिक चाल आहे, आणि एकमितीय चाल सुरुवातीच्या जागी हमखास परतते, पुन्हा पुन्हा परतते. भिंतीला समांतर दिशेत तो त्याच वेळी सरकत असतो, त्यामुळे प्रत्येक परतीला आदळण्याची जागा वेगळी असते. गोळा वळलेला आहे हे कणाला पुरेसं दूर गेल्यावरच जाणवतं, आणि कायमची सुटका तेव्हाच शक्य होते. आकड्यात सांगायचं तर पृष्ठभागापासून १ नॅनोमीटर अंतरावरच्या कणाची गोळ्याकडे कधीच न परतण्याची संभाव्यता १००१ त १ आहे. म्हणजे एकदा पोचलेला कण निघून जाण्याआधी सरासरी हजारभर वेळा नव्याने नशीब आजमावतो. यशाची संधी १२७० त १, प्रयत्न हजार.

हा हिशेब कागदावर पुढे नेऊ. दर खेपेला यशाची संभाव्यता न × ठ × ठ ÷ (४ × त्र × त्र) आणि दर खेपेला कायमच्या सुटकेची संभाव्यता साधारण ठ ÷ त्र. आधी कोणतं घडेल? यशाला यश अधिक सुटका यांनी भागायचं. सोपं रूप दिलं की उरतं न × ठ ÷ (न × ठ + ४ × त्र). अचूक सूत्रात जिथे पाय आहे तिथे ४ आला, एवढाच फरक. आमच्या गोळ्यासाठी ५० ऐवजी ४४ टक्के. चार ओळींच्या ढोबळ विचारातून एवढं जवळ येता येतं, याचा मला दर वेळी आनंद होतो, आणि हे प्रकरण शिकवताना मी सूत्राआधी हेच फळ्यावर मांडतो.

मग सिम्युलेशनचं काय बिनसलं? टाइम स्टेप. तिने १ मायक्रोसेकंद घेतला होता, आणि गोळ्याच्या आकाराच्या दृष्टीने तो ठीकच होता. गोळ्याच्या त्रिज्येएवढं अंतर भरकटायला कणाला मिलिसेकंदाच्या घरातला वेळ लागतो, त्याचा हा हजारावा भाग. पण १ मायक्रोसेकंदात कण प्रत्येक अक्षावर सरासरी ४५ नॅनोमीटर सरकतो. ठिपका १ नॅनोमीटरचा, पाऊल ४५ चं. पृष्ठभागाजवळच्या ज्या हजारभर खेपांवर सगळं अवलंबून आहे, त्यांतल्या बहुतेक एका पावलातच गिळल्या जातात. कण आदळतो, परततो, आणि पुढच्याच पावलाला पंचेचाळीस नॅनोमीटर दूर. उरतात वीस-पंचवीस खेपा, आणि प्रत्येकीत १२७० त १ ही संधी. दीड टक्का इथून आला.

म्हणजे कोड बरोबर होतं, कण दोनदा मोजले जात नव्हते. सिम्युलेशन एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होतं: पंचेचाळीस नॅनोमीटरच्या उड्या मारणारा कण किती वेळा सापडेल. अशा वेळी एकच तपासणी खरी, टाइम स्टेप बदलून पाहणं. तो शंभरपट लहान, १० नॅनोसेकंद केला तर पाऊल साडेचार नॅनोमीटरचं होतं आणि उत्तर १२ टक्क्यांच्या आसपास जातं. टाइम स्टेप बदलला की उत्तर असं सरकत असेल तर ते उत्तर निसर्गाचं नाही, टाइम स्टेपचं आहे. ती दोन दिवस मोजणीची चूक शोधत बसली, त्याआधी ही एक फेरी करायला मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ती माझी चूक.

सरळ मार्गाने अचूक उत्तर हवं तर पाऊल ठिपक्याच्या दहाव्या भागाचं, ०.१ नॅनोमीटर हवं. त्यासाठी टाइम स्टेप ५ पिकोसेकंद लागतो, आणि एका कणाचा एक मिलिसेकंद चालवायला २० कोटी पावलं. हजारो कणांसाठी हे परवडणारं नाही. आम्ही पाऊल कणाच्या जागेनुसार बदललं: सर्वांत जवळच्या ठिपक्यापासून जेवढं अंतर, त्या प्रमाणात पाऊल. दूर असताना तर पावलांचीही गरज नसते. कणाभोवती अडथळ्यांना न शिवणारा मोठ्यात मोठा गोल कल्पायचा आणि कणाला एकदम त्या गोलाच्या पृष्ठभागावर कुठेही ठेवायचं. मर्व्हिन मुलर यांनी १९५६ साली मांडलेली ही युक्ती अशा कामात अजूनही सगळ्यांत देखणी वाटते. आणि कण खूप दूर गेला तर त्याच्या मागे धावत राहायचं नाही. २ मायक्रोमीटरच्या सुरुवातीच्या गोलाकडे तो परतण्याची संभाव्यता २ भागिले त्याचं केंद्रापासूनचं अंतर एवढी असते, तेव्हा तेवढ्या संभाव्यतेने त्याला परत आणायचं, नाहीतर सोडून द्यायचं.

नवा कोड आधी पूर्ण चिकट गोळ्यावर चालवला, कारण तिथलं उत्तर आधीच माहीत असतं: केंद्रापासून २ मायक्रोमीटरवरून सोडलेल्या कणांपैकी निम्मे पकडले जायला हवेत. ते जमलं. मग ठिपक्यांचा गोळा लावला, आणि सोडलेल्या कणांपैकी चौथा भाग पकडला गेला. निम्म्याचे निम्मे.

तिने मग स्वतःहून एक प्रयोग केला, आणि तो मला या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो. सगळे ३१४२ ठिपके गोळा करून त्यांचा एकच मोठा ठिपका बनवला. क्षेत्रफळ तेवढंच, त्रिज्या ५६ नॅनोमीटर. पकड ५० टक्क्यांवरून पावणेदोन टक्क्यांवर आली. तेवढीच चिकट जागा विखुरली तर अठ्ठावीसपट काम करते. (एश्चेरिकिया कोलाय हा जिवाणू मात्र आपले रसायनं ओळखणारे ग्राही रेणू बहुतांशी टोकाला एकत्र ठेवतो. त्याचं काम रेणू गिळणं नाही, त्यांची संहती जाणणं आहे, आणि ग्राही एकमेकांना लागून असले की ते मिळून संदेश वाढवू शकतात. पकड कमी झाल्याची त्याला फिकीर नसावी.)

इथपर्यंत ठिपके गिळणारे होते. रेणू आला, नाहीसा झाला, ठिपका पुन्हा रिकामा. अधिशोषण खरं म्हणजे असं नसतं. रेणू पृष्ठभागावर बसतो, जागा अडवतो, काही वेळाने सुटतो. हे धरलं की वरच्या निकालांपैकी काय टिकतं?

समजा रेणू एका ठिपक्यावर सरासरी १ सेकंद बसतो. संहती १ मायक्रोमोल प्रति लिटर असताना ठिपक्याकडे सेकंदाला हजाराच्या वर रेणू येताहेत आणि तो सेकंदाला एकच सोडतो. सगळे ठिपके मिलिसेकंदाभरात भरतात आणि भरलेलेच राहतात. ओघ किती येऊ शकला असता याला मग काही अर्थ उरत नाही, अडवणूक भरलेल्या ठिपक्यांचीच असते. समतोलात किती ठिपके भरलेले असतील हे अर्विंग लॅंगम्युअर यांच्या १९१८ च्या समीकरणाने ठरतं, आणि त्यात ठिपक्यांची संख्या, त्यांच्यातली अंतरं, गोळ्याची त्रिज्या यांतलं काहीच येत नाही. येणं आणि सुटणं यांच्या दरांचं गुणोत्तर तेवढं लागतं. आमच्या आकड्यांत निम्मे ठिपके भरायला ०.४ नॅनोमोल प्रति लिटर संहती पुरते.

ठिपक्यांची स्पर्धा मग गेली कुठे? ती वेळात गेली. ठिपके रिकामे असताना प्रत्येकाला निम्मे रेणू मिळतात, हे खरंच राहतं. पण सुटलेल्या रेणूचंही तेच होतं: एका ठिपक्यावरून सुटून बाजूला झालेला रेणू गोळ्यापासून कायमचा जाण्याआधी ५० टक्के वेळा पुन्हा कुठल्यातरी ठिपक्यावर बसतो. येणंही निम्मं, जाणंही निम्मं. समतोल हलत नाही, तिथे पोचायला मात्र दुप्पट वेळ लागतो. प्रयोगात एखाद्या पृष्ठभागावरून रेणू धुऊन काढताना तो अपेक्षेपेक्षा सावकाश सुटतो, त्यामागे पुष्कळदा ही पुन्हा चिकटण्याचीच करामत असते, आणि एका जोडीच्या बंधाला त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा बळकट समजण्याची चूक तिथे होते.

विद्यार्थिनीने हाही भाग कोडमध्ये घातला. १० मायक्रोमीटर बाजूची बंद पेटी, मधे गोळा, ०.४ नॅनोमोल प्रति लिटरप्रमाणे रेणू, ठिपक्यावर १ सेकंद मुक्काम. निम्मे ठिपके भरायला हवे होते. भरले सात टक्के.

या वेळी ती कोड तपासायला गेली नाही. तिने कागद घेतला. ०.४ नॅनोमोल प्रति लिटर म्हणजे घन मायक्रोमीटरला ०.२४ रेणू, गोळ्याच्या स्वतःच्या आकारमानाएवढ्या पाण्यात जेमतेम एक रेणू. पेटी हजार घन मायक्रोमीटरची, म्हणजे तिच्यात रेणूच एकूण २४० च्या आसपास. आणि निम्मे ठिपके भरायला हवेत १५७१. एवढे रेणू पेटीत कधी नव्हतेच. होते त्यांतले २२२ ठिपक्यांवर जाऊन बसले, पाण्यात १८ उरले, आणि उरलेल्या त्या विरळ संहतीशी सात टक्के अगदी बरोबर जुळत होते. दूरची संहती कायम राहते असं धरणारं सूत्र तिथे लागूच नव्हतं. १५७१ रेणू देऊनही संहती ढळू नये, तर गोळ्याला साडेसहा हजार घन मायक्रोमीटरच्या कितीतरी पट पाणी लागतं. तिने पेटीच्या भिंती काढून टाकल्या आणि बाहेरच्या सीमेवर संहती कायम ठेवली: तिथून जेवढे रेणू आत यायला हवेत तेवढे दर टाइम स्टेपला सोडायचे. दोन दिवसांनी तिचा आलेख आला. भरलेल्या ठिपक्यांची रेघ सावकाश चढत ५० टक्क्यांपाशी सपाट झाली होती.